हात बुरशीचा, हिशेब आपला

ज्येष्ठ लागला, वळवाचा एखादा जोराचा पाऊस झाला, की दिवेलागणीच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबावर आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे गोळा होऊ लागतात. याच दिवसांत आपल्याकडे वारीची तयारी चाललेली असते. कोणी पताका शिवतो, कोणी पखवाजाची वादी ओढतो, कोणी पेरणी उरकण्याच्या घाईत असतो. भुंगेऱ्यांकडे लक्ष द्यावयास सवड कोणाला? ते रात्री झाडाचा पाला खातात, पहाटे मातीत शिरतात, आणि मादी तेथेच अंडी घालते. दिंडी पंढरीस पोचते तोवर अंड्यांतून अळ्या निघालेल्या असतात. वारकरी घरी परततो, आणि श्रावण-भाद्रपदात पाहतो तो उसाचे बेटच्या बेट पिवळे पडलेले. हाताने ओढले तर सहज उपटून येते. खाली मुळ्या म्हणून राहिलेल्या नसतात. राहिलेली असते ती चंद्रकोरीसारखी वाकडी पडलेली, पांढऱ्या अंगाची, तांबूस डोक्याची अळी. हीच हुमणी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर या भागांतील ऊसकऱ्यांस तिची ओळख करून देण्याची गरज नाही.

या हुमणीवर एक उपाय आता गावोगाव सांगितला जातो. तो म्हणजे मातीतलीच एक बुरशी. शेणखतात मिसळून ती सरीत टाकायची; ती हुमणीला लागते आणि हुमणी मरते. विषाचा उग्र दर्प नाही, पाठीवर पंप घेऊन फिरणे नाही. शेतकऱ्यास हे बरे वाटते. पण ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या मनात एक कुसळ सलत राहते. मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून जाणारा माळकरी मुठी भरभरून रोग पेरू लागला, तर त्याला काय म्हणावे? ही हिंसा नव्हे काय? आणि हिंसाच असेल, तर विष टाकणाऱ्यात आणि याच्यात फरक तो कोणता? कीर्तन संपल्यावर पारावर बसलेल्या मंडळींत हा प्रश्न निघतो, दोन्ही बाजूंनी आवाज चढतात, आणि निर्णय न होताच मंडळी घरी जातात. म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

निवाडा करण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी. शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी आपणांस ठाऊक आहे. पिकावरचा तांबेरा हीही बुरशीच. तशीच बुरशीची काही कुळे अशी आहेत, की त्यांचे अन्न म्हणजे किडे. मेटारायझियम हे त्यांतील एक, बिव्हेरिया हे दुसरे. यांचे बीजकण डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक असतात. एखादा कण अळीच्या कातडीला चिकटला आणि पुरेशी ओल मिळाली, की त्याला कोंब फुटतो. तो कोंब कातडी विरघळविणारा रस सोडतो, नेट लावून आत शिरतो, आणि मग अळीच्या अंगातील रसावर वाढू लागतो. अळीचे खाणे कमी होते, ती सुस्त पडते, आणि साधारण चार ते दहा दिवसांत मरते. मातीतल्या मोठ्या हुमणीला याहूनही अधिक दिवस लागतात. मेल्यावर तिचे शरीर कडक होते आणि ओलाव्यात त्यावर पूड धरते. बिव्हेरियाची पांढरी, मेटारायझियमची हिरवी. त्या एका मेलेल्या अळीवर लक्षावधी नवे बीजकण तयार होतात आणि पुढच्या अळीची वाट पाहत मातीत पडून राहतात.

ही गोष्ट माणसाने निर्माण केलेली नाही. ओल्या पाऊसकाळात सोयाबीनच्या किंवा मक्याच्या पानाला चिकटून वाळलेली, पांढरट-हिरवट पूड बसलेली अळी पुष्कळांनी पाहिली असेल. तेही अशाच एका बुरशीचे काम. आपल्याकडे तिला नोमुरिया म्हणतात. 2018 साली अमेरिकेकडची लष्करी अळी आपल्या देशात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली, तेव्हा या देशातल्या मातीतील बुरशीने तिलाही सोडले नाही. आपण तिला बोलावले नव्हते. ती आपले अन्न शोधत तेथे आली.

माणसास हे कळले कसे, तेही ऐकण्याजोगे आहे. इटलीत रेशमाच्या किड्यांना एक रोग पडत असे. किडे मरून चुन्यासारखे पांढरे नि कडक होत. लोक म्हणत हवा वाईट, कोणी म्हणे पाला वाईट. आगोस्तिनो बास्सी नावाच्या गृहस्थाने वर्षानुवर्षे प्रयोग करून 1835 साली दाखवून दिले, की हा रोग एका जिवंत बुरशीपासून होतो व एका किड्यापासून दुसऱ्याला लागतो. रोग जंतूंपासून होतात हे पाश्चर यांनी जगास पटविण्यापूर्वीची ही गोष्ट. त्या बुरशीला पुढे बास्सीचेच नाव मिळाले. ती हीच आपली बिव्हेरिया बॅसियाना. पुढे 1879 साली रशियाच्या ओदेसा भागात गव्हावर भुंगेरे पडले असता मेच्निकोव्ह या शास्त्रज्ञाने त्यांच्या अळ्यांवर हिरवी बुरशी पाहिली आणि विचार केला, की जो रोग आपोआप लागतो तो मुद्दाम लावला तर? मेटारायझियमचा शेतीतील उपयोग तेथून सुरू झाला. 1884 साली त्याच मुलखात ही बुरशी मोठ्या प्रमाणात वाढवून साखरबीटावरील किडीसाठी वापरली गेली. म्हणजे साखरेच्या पिकाशी तिचा संबंध जुनाच आहे. आज ब्राझील देशात लाखो हेक्टर उसावर ती वापरतात, आणि आपल्याकडे पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तसेच कृषी विद्यापीठे ती तयार करून शेतकऱ्यांस देतात.

एवढे पाहिल्यावर आता मूळ प्रश्नाकडे वळू. पारावरच्या चर्चेत तीन उत्तरे ऐकू येतात. तिन्हींत काही खरे आहे, म्हणून तिन्हींचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिले उत्तर असे, की येथे मारणारे आम्ही नव्हेच. बुरशी मारते. ती ईश्वराची निर्मिती, अळीही ईश्वराची निर्मिती. जीव जीवावर जगतो हा सृष्टीचा क्रम. आम्ही फक्त निमित्त. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, आणि गोड आहे म्हणूनच त्याची अधिक परीक्षा घ्यावी. शेजाऱ्याच्या गोठ्यात कोणी लांडगा सोडला आणि म्हणाला, ‘वासरू मी नाही मारले बुवा, लांडग्याने मारले,’ तर पंच त्याला सोडतील काय? बुरशी सरीत आपल्या पायांनी चालत आली नाही. तिला तांदळावर वाढविले, पुडीत भरले, विकत आणले, शेणखतात कालविले आणि हुमणी जेथे आहे नेमके तेथे टाकले. एवढ्या सगळ्या पायऱ्यांवर मनुष्याचा संकल्प आहे. सोयाबीनच्या पानावर आपोआप मेलेल्या अळीचे उत्तर आपणांस कोणी विचारणार नाही. पण सरीत मुद्दाम पेरलेल्या रोगाचे उत्तर आपल्यालाच दिले पाहिजे. हात बुरशीचा असला तरी हिशेब आपला. ‘निमित्त’ हा शब्द आपल्याकडे फार मोठ्या अर्थाने आलेला आहे. तो अहंकार सोडण्यासाठी आहे, जबाबदारी सोडण्यासाठी नव्हे. पीक चांगले आले तर ‘मी पिकविले’ आणि अळी मेली तर ‘देवाने मारली’ अशी वाटणी करणारा मनुष्य निमित्त झालेला नसतो. तो नुसता हुशार असतो.

याच उत्तराची एक नवी आवृत्तीही निघाली आहे. 2012 साली कॅनडातील संशोधकांनी असे दाखविले, की मेटारायझियम हे मुळांच्या आधारानेही राहते, आणि मारलेल्या किड्याच्या शरीरातील नत्र ते झाडाच्या मुळांना पोचविते. घेवडा व एक प्रकारचे गवत यांवर त्यांनी हे प्रयोग केले. जो मुळे खात होता त्याचेच शरीर मुळांना खत होते, ही विलक्षण गोष्ट आहे आणि ऐकून मनुष्य थक्क होतो. परंतु यावरून कोणी म्हणेल, ‘पाहा, कसा न्याय झाला,’ तर तेवढे आम्हांस मान्य नाही. हुमणीने गुन्हा केलेला नाही. तिला भूक आहे आणि तिच्या वाट्याला मुळी आली आहे. ऊस कारखान्याचा की शेतकऱ्याचा, त्यावर सोसायटीचे कर्ज किती, हे तिला कोठून कळणार? तिला शिक्षा होत नाही. तिचा बळी जात आहे. बळीला बळी म्हणावे, एवढा तरी प्रामाणिकपणा आपल्याजवळ असावा.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. ते म्हणते, की माळकऱ्याने कोणताच जीव मारू नये. किडीने खाऊन उरेल ते आपले. या उत्तराच्या पाठीशी मोठे आधार आहेत. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेवर माउलींनी जो विस्तार केला आहे तो ज्यांनी श्रवण केला असेल त्यांना हे सांगावयास नकोच. पायाखाली बारीक जीव येईल म्हणून जपून पाऊल टाकणाऱ्याचे चित्र तेथे आहे. एवढेच नव्हे, एका जीवाला वाचविण्यासाठी दुसरा जीव उपटणारे, सोलणारे वैद्यकसुद्धा तेथे तपासून पाहिले आहे. चांगल्या हेतूचे नाव घेतले म्हणून हिंसेची अहिंसा होत नाही, हाच त्यातील रोख. आमच्या प्रश्नाला हा भाग सरळ भिडतो, आणि तो आमच्या सोयीचा नाही. म्हणूनच तो डोळ्यांआड करू नये. शेत वाचविणे हा चांगला हेतू आहे. पण त्यामुळे हुमणीचे मरण हे मरण राहत नाही असे नव्हे.

महिपतींनी सांगितलेली तुकोबांची कथाही याच बाजूने पुढे केली जाते. तुकोबा दुसऱ्याच्या शेताची राखण करावयास बसले आणि पाखरांना त्यांनी हाकललेच नाही. पाखरे पोटभर खाऊन गेली. कथेचा हा अर्धा भाग सर्वांस ठाऊक असतो. उरलेला अर्धा तेवढा लक्षात राहत नाही. शेताचा मालक आला, तक्रार पंचांपर्यंत गेली आणि भरपाई तुकोबांच्या माथी आली. तुकोबांनी ती नाकारली नाही. पाखरांवरील दयेची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या खात्यावर टाकली नाही. पुढे पीक उदंड निघाले ही देवाची लीला. पण लीला होईल या भरवशावर त्यांनी पाखरांना खाऊ दिले नव्हते.

आता आपण आपले पाहावे. हुमणीला ऊस खाऊ द्यावा असे म्हणणारा गृहस्थ तो तोटा कोणाच्या खात्यावर टाकणार? स्वतः सोसणार असेल तर आम्ही त्याला वंदन करू. पण बहुतेक वेळा तो तोटा बायको सोसते, शाळेतून काढलेले पोर सोसते, हंगामाच्या आशेवर उचल घेऊन बसलेला सालगडी सोसतो. शिवाय त्या शेतातून उठलेले भुंगेरे पुढच्या ज्येष्ठात शेजाऱ्याच्या शेतात उतरतात. आपली दया जर दुसऱ्याच्या ताटातून वाढली जात असेल, तर ती दया म्हणावयाची की आणखी काही?

आणि संसारी मनुष्याला निखळ अहिंसा साधते काय, याचाही विचार आपल्या शास्त्राने केलेला आहे. गृहस्थाच्या घरात चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर ही पाच हिंसेची ठिकाणे सांगितली आहेत. त्यांना पंचसूना म्हणतात. शास्त्रकाराने चूल विझवा असे सांगितले नाही. चुलीत जीव जळत नाहीत असेही सांगितले नाही. हिंसा घडते हे मान्य केले, आणि तिच्यासाठी गृहस्थाच्या माथी रोजचे पाच यज्ञ ठेवले: अतिथीला, भूतमात्राला, पितरांना, देवांना आणि ऋषींना त्यांचा वाटा दे. आमच्या मते सगळा धडा येथे आहे. घरातील चुलीला जो न्याय, तोच शेतातील नांगराला. नांगराच्या फाळाखाली किती जीव कापले जातात, याची गणती कोणी केली आहे? तरी सावतोबांच्या अरणला मळा पिकला आणि तो मळाच त्यांचे पंढरपूर झाला. नांगर टाकून द्या असे संतांनी सांगितले नाही. नांगरताना मन कोठे ठेवावे, ते सांगितले.

तिसरे उत्तर पारावर फारसे मोठ्याने बोलले जात नाही. ते थेट दुकानात जाऊन बोलले जाते. कीड ती कीड. लवकर मरेल ते औषध द्या, आणि जरा जास्तच द्या. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, यातच अर्धी भूल आहे. हुमणीसाठी फोरेट नावाचे दाणेदार विष आपल्याकडे वर्षानुवर्षे उसाच्या सरीत पडत आले. ते इतके जहाल, की 2020 साल संपताना केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. त्याने हुमणी मरत असे, आणि तिच्याबरोबर गांडूळही मरे, मातीतील दुसरे उपकारक किडेही मरत, आणि ते मेलेले किडे टिपणाऱ्या पाखरांच्या पोटातही विष जाई. हिंसा एकदा विषाच्या रूपाने सुटली की ती कोणाला ओळखत नाही.

आणि ती माणसालाही ओळखत नाही. 2017 सालच्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यांत पडली. त्यांत शेतकरी होते, आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. कापूस वाढून डोक्याएवढा झाला होता, विष तोंडावर येत होते, अंगावर धड कापड नव्हते. बोंडअळीची हिंसा चालेल की नाही याचा ज्यांनी कधी विचार केला नाही, त्यांच्यापैकी कोणाच्या मनात माणूस मारावा असे होते? कोणाच्याच नव्हते. तरी माणसे मेली. हेतू नसला म्हणजे हिंसा घडत नाही असे मानणाऱ्याने यवतमाळ आठवावे.

मग आमचे म्हणणे काय? हिंसा टळत नसेल तेथे ती मापावी, आणि मापून जी लहान ठरेल तीच पत्करावी, असे आम्हांस वाटते. माप कसे करावे, ते सांगतो.

पहिले माप गरजेचे. शेतात हुमणी आहे की नाही हे न पाहताच, शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही टाकणे, ही बुरशीची असली तरी फुकटची हिंसा आहे. खोडव्याच्या दोन-चार बेटांखाली कुदळ घालून पाहावे. नसेल तर पुडी घरी राहू द्यावी.

दुसरे माप पसाऱ्याचे. एक मारावयास गेलो आणि किती मेले? येथे बुरशी विषापेक्षा पुष्कळ सरस ठरते. तिच्या अनेक जाती किड्यांच्या ठराविक कुळांवरच पडतात, गांडुळाला त्रास देत नाहीत, आणि माणसाच्या अंगच्या उष्णतेत सहसा वाढत नाहीत. तरी पूड नाका-डोळ्यांत जाऊ नये म्हणून फडके बांधावेच. आफ्रिकेत टोळधाडीसाठी मेटारायझियमचाच एक भाऊबंद निवडण्यात आला, तो केवळ टोळ व नाकतोडे यांनाच लागतो म्हणून. 2009 साली टांझानियात आणि 2020 साली सोमालियात तो वापरला गेला. टोळ मरावयास दोन-तीन आठवडे लागले तरी चालतील, पण मधमाशी, गुरे आणि पाणी वाचले पाहिजे, हा त्यामागील विचार. त्याच 2020 सालच्या मे महिन्यात टोळ आपल्या विदर्भातही उतरले होते, म्हणून ही गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून देऊ नये.

परंतु बुरशीचा पसाराही शून्य नाही, हे विसरता कामा नये. जी बिव्हेरिया ऊसवाल्याची मित्र, तीच रेशीमवाल्याची वैरी. बास्सीने तिला रेशमाच्या किड्याच्या प्रेतावरच प्रथम पकडले होते. आज मराठवाड्यात कितीतरी घरे तुतीच्या पाल्यावर आणि रेशमाच्या कोषांवर चालतात. अशा शेजाऱ्याच्या तुतीजवळ बिव्हेरिया फवारणे म्हणजे त्याच्या घरात रोग नेऊन ठेवणे. मधमाश्यांच्या पेट्यांजवळ व फुलोऱ्यावरही जपावे. ‘जैविक’ हा शब्द पुडीवर छापला म्हणून ती पुडी निष्पाप होत नाही. जिवंत वस्तू आहे. जिवंत वस्तूला हात लावताना जास्त विचार करावा लागतो.

तिसरे माप वेळेचे. हे माप आमच्या लोकांच्या लक्षात कमी येते. भुंगेऱ्याची एक मादी जमिनीत काही डझन अंडी घालते. ज्येष्ठात पहिल्या पावसानंतर गावाने एकत्र येऊन चार-सहा संध्याकाळी कडुनिंब-बाभळी हलवून भुंगेरे गोळा केले, तर श्रावणात मराव्या लागणाऱ्या कितीतरी अळ्या जन्मासच येत नाहीत. भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकतात. तीही हिंसाच, आणि आपल्या हाताने केलेली. पण तिच्यात एक गुण आहे. घमेल्यात पडणारा जीव डोळ्यांस दिसतो, आणि दिसतो म्हणून मनुष्य गरजेपेक्षा जास्त मारीत नाही. वेळेवर केलेली थोडी हिंसा पुढची मोठी हिंसा टाळते. आळस करून, कीड वाढू देऊन, मग घायकुतीला येऊन विष ओतणे, यात किडीचा दोष किती आणि आपल्या आळसाचा किती? बुरशीचेही तसेच. हुमणी लहान असताना, जमिनीत वाफसा असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून ती गेली तर काम करते. हुमणी अंगठ्याएवढी झाल्यावर, कोरड्या जमिनीत, भर उन्हात टाकली तर बुरशीच मरते, आणि मग ‘हे जैविक-बैविक काही खरे नाही’ म्हणून मनुष्य परत विषाकडे वळतो.

चौथे माप मनाचे, आणि ते सर्वांत अवघड. कोणी आम्हांस विचारील, की विषाने अळी तासाभरात मरते, बुरशीने आठ दिवस आतून खाल्ली जाते. मग दया कोठे अधिक? या प्रश्नाला आमच्याजवळ चोख उत्तर नाही. अळीला वेदना कशी होते हे आपण तिच्या अंगात शिरून पाहू शकत नाही. एका जीवाच्या मरणाची वाट लांबली, हे विषाच्या मानाने बुरशीच्या नावे लिहिण्याचे खर्चाचे कलम आहे. दुसऱ्या बाजूस वाचलेले गांडूळ, वाचलेले पाखरू, वाचलेला मजूर आणि भीमेत उतरणारे थोडे कमी विष, ही जमेची कलमे आहेत. भीमेच्या दोन्ही काठांना ऊस आहे. तेथल्या सरीतून वाहणारे पाणी शेवटी नदीलाच मिळते, आणि तीच नदी पुढे चंद्रभागा म्हणून आपण मस्तकी लावतो. जमा जास्त भरते म्हणून आम्ही बुरशीच्या बाजूने कौल देतो. पण खर्चाचे कलम खोडून टाकू नये. ते खोडले, की पुढच्या वर्षी मनुष्य डोळे मिटून मारावयास मोकळा होतो. मनात ते बोचत राहिले तरच हात आखडता राहील.

म्हणून माळकरी बंधूंस आमचे सांगणे थोडक्यात असे. हुमणीवर बुरशी वापरली म्हणून माळ काढून ठेवण्याची गरज नाही. तसेच, माळ गळ्यात आहे म्हणून बुरशीची हिंसा अहिंसा झाली असेही समजू नये. आधी शेत पाहावे. आधी भुंगेरे गोळा करावे. बुरशी लागलीच तर खात्रीच्या ठिकाणची, मुदत न संपलेली, सावलीत ठेवलेली आणावी, कारण मेलेली पूड विकत घेणे म्हणजे पैसाही गेला आणि कीडही राहिली. शेजारी तुती वा मधाच्या पेट्या असतील तर त्याला विचारल्यावाचून पुडी फोडू नये. मजुराच्या हातात विषाचा पंप देण्याची वेळ आलीच, तर आपल्या मुलाच्या पाठीवर तो पंप बांधला असता का, हे आधी स्वतःला विचारावे.

आणि पंचसूनेचा नियम शेताला लावावा. जेथून जीव घेतला तेथे काही वाटा परत द्यावा. बांधावरची चार झाडे पाखरांसाठी ठेवावीत, पाचट न जाळता मातीला द्यावे म्हणजे असंख्य जीवांचे घर जळत नाही, उन्हाळ्यात एका परातीत पाणी ठेवावे. हे प्रायश्चित्त म्हणून मोठे नाही. पण ज्याच्याकडून आपण काही घेतले त्याची आठवण ठेवण्याची ही रीत आहे.

वारीला निघण्यापूर्वी घरातील देणी-घेणी मिटवून निघावे असा आपल्याकडे शिरस्ता आहे. सावकाराचे, किराणा दुकानाचे, सालगड्याचे देणे आपण आठवणीने पाहतो. त्या यादीत शेतातील मुक्या जीवांचेही एक कलम असू द्यावे. ते कधी पुरे फिटणार नाही. न फिटणारे देणे मनात ठेवून जो चालतो, तो पाऊल जपून टाकतो.

रामकृष्ण हरी.